वाघिणीचा पत्ता

लच्छू: म्याडम, आता शेपूट धरून वढा न तिले. दुपारपासून वाघीण त्या खिडकीतून या खिडकीत येऊन नाई राह्यली.

दिव्यानी: लच्छूभाऊ, हसू नका. चार वाजता चिचटोल्याले पोचायचं आहे, अन् माझ्या स्लाइडवर अजून नुसतं "वाघीण व तिचे बछडे" एवढंच लिहून आहे. खाली ना वाघीण, ना बछडे.

लच्छू: मागच्या सालच्या साहेबाच्या स्लाइडीत त धडाधड वाघ येत होते.

दिव्यानी: तेव्हा जुनी सिस्टीम होती. तिच्यात व्हायरस शिरला, म्हणून ऑफिसच्या कम्प्युटरवाल्या धनराजभाऊनं सोमवारी कम्प्युटर पूर्ण पुसला अन् ही नवी सिस्टीम टाकून दिली. जुन्यात नेटवरचा फोटो कॉपी केला, इथं आणून चिपकवला, संपलं काम. नव्यात चिपकवला की हे पाहा काय येते.

लच्छू: ही त नुसती अक्षरं आहेत. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

दिव्यानी: तो त्या फोटोचा नेटवरचा पत्ता आहे.

लच्छू: मतलब वाघीण नाई आली, तिनं चिठ्ठी पाठवली.

दिव्यानी: मग मी फोटो डाउनलोड केला. डाउनलोड झाला. स्लाइडमध्ये घालायला गेले, तर म्हणते हा प्रकार मले ओळखू येत नाही. बाकीच्या फोटोंच्या नावामागं जेपीजी असते. या मेल्याच्या मागं "वेबपी" आहे.

लच्छू: काय पी?

दिव्यानी: वेबपी. मलेही आजच समजलं.

लच्छू: धनराजले फोन करा न. त्यानंच हे करून ठेवलं.

दिव्यानी: केला. तो चंद्रपूरला मीटिंगमध्ये आहे. म्हणाला, बंद करून चालू करा.

लच्छू: मग?

दिव्यानी: बंद केला, चालू केला. आता माउसचा बाणही मोठा झाला.

लच्छू: एक विचारू का, म्याडम? तीस साल झाले मले फॉरेस्टच्या या बीटात मजुरी करून. चिचटोल्याच्या बायकाइले वाघाचा फोटो कायले दाखवाचा? त्या वाघाले तुमच्यापेक्षा जास्त ओळखतात.

दिव्यानी: असू द्या. मी वनरक्षक म्हणून तीन महिन्यांपूर्वी आले. गावात गेले की बायका "नमस्कार म्याडम" म्हणतात अन् पुढं तोंडाले कुलूप. मोहाची फुलं वेचायचं सीझन सुरू झालं. अंधारात उठून जातात, झाडाखाली वाकून बसतात. वाकलेलं माणूस वाघाले चितळच दिसते. त्यांनी माझं ऐकलं पाहिजे. चांगलं प्रेझेंटेशन असलं तर ऐकतील.

लच्छू: सांगाचं काय ठरवलं?

दिव्यानी: खेकड्या नाल्याकडे महिनाभर जायचं नाही. टेकडीच्या बाजूनं जायला हरकत नाही.

लच्छू: नाल्यावर ते कॅमेऱ्यात कवा दिसली होती?

दिव्यानी: बारा दिवस झाले.

लच्छू: बारा दिवस लय होते, म्याडम. त्यात हे ऊन.

दिव्यानी: रिपोर्टमध्ये तेच आहे. त्याच्यापुढं मी काय लिहू? थांबा. थांबा, थांबा! हे पाहा!

लच्छू: आली काय!

दिव्यानी: चुकून बोट दाबून राह्यलं अन् फोटो धरून ओढल्या गेला. सरळ स्लाइडमध्ये! म्हणजे कॉपी नाही करायचं. ओढत आणायचं!

लच्छू: मी आलो तवाच सांगतलं होतं, वढा म्हणून.

दिव्यानी: तुमी शेपूट धरून म्हणाले होते. हा दुसरा, पंजाचा ठसा. आला. हा तिसरा, मुखवटेवाला. तोही आला!

लच्छू: हे काय वो? या माणसाच्या डोस्क्याच्या मागंई तोंड?

दिव्यानी: मुखवटा आहे. वाघ मागून हल्ला करते न. मागंही डोळे दिसले की येत नाही, असं काही ठिकाणी करतात.

लच्छू: चिचटोल्यात नका दाखवू. घरी गेल्यावर नवऱ्यानं कोणत्या तोंडाशी भांडाव?

दिव्यानी: अन् हा चवथा. मोह वेचणारी बाई.

लच्छू: हे मोह वेचून राह्यली, का रांगोळी काढून राह्यली? नवी कोरी साडी, कोपरापर्यंत बांगड्या. अन् हे झाड मोहाचं नाई.

दिव्यानी: नेटवर मोह लिहिल्यावर हीच आली. राहू द्या. साडेतीन झाले. लॅपटॉपमध्ये फाइल घेते, तुमी प्रोजेक्टर बांधा. लच्छूभाऊ, मनापासून सांगते, आज मले एकदम हलकं वाटून राह्यलं.

(चिचटोल्याचं समाज मंदिर. भिंतीवर पांढरी चादर, समोर सतरंजीवर गावातल्या बायका.)

सुगंधाबाई: म्याडम, तुमी चार पानं पलटवले, चारीइत रिकामे खोके आहेत. वाघीण कोणत्या खोक्यात आहे?

दिव्यानी: येईल, येईल. जरा वेळ लागते. सुगंधाबाई, तुमी बचत गटाच्या अध्यक्ष आहात. जरा बाकीच्यांना सांगा न, हसू नका म्हणून.

सुगंधाबाई: मीच हसून राह्यलो, त त्याइले कोणत्या तोंडानं सांगू?

लच्छू: म्याडम, खोक्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं दिसतात. तेच चिठ्ठी वाटते.

दिव्यानी: कुठी? अरे देवा. आता समजलं. मी फोटो ओढून आणला न, तो आलाच नव्हता. ऑफिसात नेट होतं, म्हणून स्लाइड दर वेळी नेटवर जाऊन तो दाखवत होती. इथं नेट नाही. फोटो तिकडंच राह्यला, आपल्याजवळ फक्त पत्ता आला.

लच्छू: मतलब वाघीण घरी, अन् आपण तिचं आधार कार्ड घेऊन आलो.

सुगंधाबाई: नेट पाह्यजे असन त पाण्याच्या टाकीवर चढा. टॉवरची एखादी डंडी येते कवा कवा.

दिव्यानी: एका डंडीत वाघीण नाही येत, सुगंधाबाई.

सुगंधाबाई: पिलू तरी येईन.

लच्छू: म्याडम, तोंड नका उतरवू. पाणी प्या.

दिव्यानी: नको. बरं. फोटो नाही तर नाही, मी वाचून सांगते. सर्व महिला भगिनींना नमस्कार. सदर क्षेत्रात एका वाघिणीचा दोन बछड्यांसह वावर असून, पुढील एक महिना खेकड्या नाल्याच्या परिसरात मोहफुलं वेचण्यास कोणीही जाऊ नये. टेकडीच्या बाजूस जाण्यास हरकत नाही.

सुगंधाबाई: काय म्हटलं? शेवटचं परत सांगा.

दिव्यानी: टेकडीच्या बाजूस जाण्यास हरकत नाही.

सुगंधाबाई: बरं.

दिव्यानी: बरं म्हणजे? काही विचारायचं आहे का?

सुगंधाबाई: नाई. वाचा तुमी.

लच्छू: सुगंधा, पोटात ठेवू नको. बोल.

सुगंधाबाई: काय बोलू, लच्छूभाऊ? ऑफिसवाल्याइच्या कागदापुढं आमी काय बोलाव?

दिव्यानी: कागद हा बाजूला ठेवला. बोला.

सुगंधाबाई: म्याडम, तुमच्या खोक्यात जशी वाघीण नाई, तशी त्या नाल्यातई नाई.

दिव्यानी: कॅमेऱ्यात आहे ती.

सुगंधाबाई: असन. तवा होती. आता नाई.

दिव्यानी: मग कुठी आहे?

सुगंधाबाई: राहू द्या, म्याडम. सांगून काय होते? मागच्या सालीई सांगतलं होतं. तुमच्या आधी जो साहेब होता, त्याच्या ऑफिसात जाऊन, उभ्यानं सांगतलं. साहेब, आमाले मोहाजवळ वाघाचा गू दिसला. त हासला तो. म्हणे, बाई, तुले वाघाचा अन् कुत्र्याचा गू वेगळा समजते काय? तिसऱ्या दिवशी माही जाऊ, नीलाबाई, बसून वेचत होती. मी हाकेवर होतो. तिच्या उजव्या खांद्यावर पंजा पडला.

दिव्यानी: मग?

सुगंधाबाई: मग काय? भरली टोपली फेकून मारली म्या. आरडलो, दगडं मारले. वाघ निघून गेला. नीलाबाई वाचली. पण हात खांद्याच्या वर होत नाई आता. वेणीई मीच घालून देतो तिची. त्या दिवसापासून तिनं रानाकडे पाह्यलं नाई. आज मीटिंगले चाल म्हटलं, त दार लावून बसली.

दिव्यानी: सुगंधाबाई, त्या साहेबाची आता बदली झाली. इथं मी आहे. वाघीण कुठी आहे ते मले सांगा.

सुगंधाबाई: तू लिहून घेशीन?

दिव्यानी: घेते. तुमच्या नावानं लिहून घेते. ही वही काढली, पाहा.

सुगंधाबाई: मग लिही. खेकड्या नाला आटला. पाच दिवस झाले. नाल्यात आता खेकडाई राहत नाई. पिल्लंवाली माय बिनपाण्याची राहन काय? पाणी आता एकाच जागी आहे, टेकडीखालच्या बोडीत. तळं लहानच, काठाले चिखल, पण मधात कमरेएवढं पाणी आहे. परवा माही बकरी हरपली म्हणून मी तिकडं गेलो होतो. काठाच्या चिखलात तिचा पंजा होता. अन् बाजूनं दोन लहान लहान, वाटीएवढे.

दिव्यानी: टेकडीखाली? म्हणजे मी आत्ता जिकडं जायला हरकत नाही म्हटलं, तिकडं?

सुगंधाबाई: तिकडंच.

दिव्यानी: टेकडीकडचे मोह कोणाचे आहेत?

सुगंधाबाई: वरच्या टोल्यातल्या, म्हणजे वरल्या वस्तीतल्या बायाइचे. ह्या मागं बसल्या न सहा जणी, त्याइचे. मी त्याइले परवाच सांगतलं, बायाइनो, नका जाऊ. त त्यातली ते प्रिया काय म्हणे? म्हणे, सुगंधाबाई, तुमचे नाल्याकडचे मोह बंद होणार म्हणतात, म्हणून आमच्या झाडाइवर डोळा ठेवून भेव घालता काय. आता हसून राह्यली पाहा, पदर लावून.

लच्छू: अन् म्याडम, तुमची स्लाइड जर बराबर चालली असती, त तुमी फोटो दाखवत एक घंटा बोलले असते. सगळ्याइनं टाळ्या वाजवल्या असत्या. अन् सकारी या सहा जणी अंधारात बोडीवर गेल्या असत्या.

दिव्यानी: गप्प बसा हो, लच्छूभाऊ. टेकडीचं ते वाक्य आधी खोडते मी.

लच्छू: मी पाहून येतो. मोटरसायकलनं पांदणीच्या रस्त्यापर्यंत, पुढं पैदल. पाऊण घंट्यात वापस. आपल्या मुखरू अन् झाडू, दोघा मजुराइले संग घेतो.

दिव्यानी: तिघंही सोबत राहा. बोडीच्या काठावर जास्त थांबू नका. अन् ठशाचा फोटो काढा, बाजूला काही तरी ठेवून, म्हणजे माप समजते.

लच्छू: चुन्याची डब्बी ठेवतो. वाघिणीनं मागितली त देऊनई टाकतो.

सुगंधाबाई: गेला. या वयात पोरासारखा पळते. म्याडम, तुमी बसा न खाली. उभ्या उभ्या किती राहणार?

दिव्यानी: बसते. सुगंधाबाई, एक सांगा. सूर्य निघाल्यावर जाता येत नाही का मोहाले?

सुगंधाबाई: तुमी कुठच्या?

दिव्यानी: सिंदेवाहीची. घरी धान आहे. मोह नाही.

सुगंधाबाई: म्हणून विचारता. मोह रातभर गळते. आमी सूर्य निघाल्यावर गेलो, त तवरक चितळं, गायी, ढोरं सगळं चाटून गेले राहतात. आमाले काय अंधाराची हौस आहे?

दिव्यानी: म्हणजे चितळं नाही आली, तर सात वाजता गेलं तरी चालेल?

सुगंधाबाई: चितळाले काय चिठ्ठी लिहिशीन, येऊ नको म्हणून?

दिव्यानी: चिठ्ठी नाही. झाडाभोवती काट्याचं कुंपण, बाड घातली तर?

सुगंधाबाई: काटे तोडले त तुमीच पकडता.

दिव्यानी: रायमुनिया तोडला तर कोणी पकडत नाही, ती काटेरी घाणेरी. नुसता बेरोजगार आहे तो, कामाचा ना धामाचा, वाढतच जाते. उलट तो काढायचंच काम आहे आमचं. बोलून राह्यले तसं सुचून राह्यलं मले. मोहाच्या आजूबाजूचा रायमुनिया आपण मोकळा करू, तोच ओढून झाडाभोवती बाड घालू. चितळं आत येणार नाहीत.

सुगंधाबाई: अन् वाघाले लपाले जागा राहणार नाई.

दिव्यानी: हे मी नव्हतं बोलले.

सुगंधाबाई: मी बोललो न. नीलाबाईवर आला, तो रायमुनियातूनच आला होता. चार हातावर होता, दिसला नाई. बोल, कवा तोडाचा?

दिव्यानी: रेंजर साहेबांची परवानगी उद्या सकाळीच घेते. परवा दुपारपासून तोडू. आमचे मजूर येतील, तुमीही या. पण अंधारात जाणं बंद. दहा-दहाच्या टोळीनं जायचं, अन् दर टोळीतल्या दोघींनी वेचायचं नाही. नुसतं उभं राहून चारीकडे पाहायचं.

सुगंधाबाई: उभी राहणारीच्या झाडाचे मोह कोण वेचन?

दिव्यानी: बाकीच्या आठ जणी. रोज दोघी बदलतील.

सुगंधाबाई: ऐकलं का वो, बायाइनो? हे पाहा, प्रिया विचारते, तिच्या सासूचा नंबर रोजच उभं राहाचा लावता येईन काय?

दिव्यानी: काऊन?

सुगंधाबाई: म्हणे, बसली की उठत नाई अन् बोलाले लागली की थांबत नाई. वाघ आला त पयले तिचंच ऐकत बसन.

दिव्यानी: अन् अजून एक. मोहाखालचा पाला जाळायचा नाही, जंगलाले वणवा लागते.

सुगंधाबाई: पाला जाळला नाई त मोह दिसन कसा?

दिव्यानी: जुन्या साड्या अंथरा. मोह साडीवर पडेल, माती नाही लागणार, वेचायलाही वेळ कमी.

सुगंधाबाई: तुमच्याजवळ जवाब पाठ करूनच ठेवला राहते.

दिव्यानी: एवढंच एक पाठ होतं. बाकी सगळं त्या खोक्यांत होतं.

सुगंधाबाई: आला पाहा लच्छूभाऊ. धावत आला. तोंड कायले असं झालं त्याचं?

लच्छू: पाणी द्या आधी. म्याडम, हे घ्या माझा मोबाइल. पंजे ताजे आहेत. आज सकारचे. मायचे काठाकाठानं गेले, पिल्लाइचे पाण्यापर्यंत उतरले, पाणी पिऊन वापस. मुखरू तिथीच म्हणे चला वापस. झाडू त आमच्या आधीच मोटरसायकलवर जाऊन बसला होता.

दिव्यानी: लच्छूभाऊ, वायर आहे का, मोबाइल लॅपटॉपले जोडायची?

लच्छू: चार्जरची आहे.

दिव्यानी: चालते. आता ओढायचं नाही. आधी फोटो लॅपटॉपमध्ये उतरवून घेते. उतरला. आता स्लाइडमध्ये, आत घाला, चित्र घाला, हा फोटो. वायर काढते. मोबाइल बंद करा, लच्छूभाऊ. पूर्ण बंद.

लच्छू: केला बंद.

दिव्यानी: अन् आता चादरीवर पाहा.

सुगंधाबाई: माय वो!

लच्छू: आला न! चुन्याच्या डब्बीसकट आला.

सुगंधाबाई: हेच. हेच पाह्यलं होतं म्या. हा मोठा, अन् हे बारके दोन. पाह्यलं का वो, वरच्या टोल्याच्या बायाइनो? आता बोला, कोणाच्या झाडावर कोणाचा डोळा आहे?

लच्छू: प्रिया चूप झाली, म्याडम.

सुगंधाबाई: लग्नात फेरे घेतानाई चूप नव्हती ते.

दिव्यानी: लिहून घ्या सगळ्यांनी, नाहीतर लक्षात ठेवा. टेकडीची बाजू उद्यापासून बंद. बाकी ठिकाणी बाड होईपर्यंत तीन दिवस कोणीच जायचं नाही. अन् ही बातमी दिली कोणी, ते मी रिपोर्टमध्ये लिहून राह्यले. सुगंधाबाई, तुमचं नाव कसं लिहू?

सुगंधाबाई: सुगंधाबाई गुणवंतराव. अन् खाली लिहा, हिले वाघाचा गू ओळखता येते म्हणून.

*

लच्छू: दहा दिवस झाले, म्याडम, अन् तुमी रोज सात वाजता इथी मोहाखाली. ऑफिसात तुमाले कोणी ओळखते का अजून?

दिव्यानी: काल धनराजभाऊ आला होता, तो ओळखत होता. त्यानं दाखवलं मले नव्या सिस्टीमचं सगळं. नेटवरचा फोटो ओढायचा नाही, आधी उतरवून घ्यायचा. वेबपी असला तर उघडून, जेपीजी म्हणून परत साठवायचा. मग आत घालायचा. अन् गावात जायच्या आधी ऑफिसातलं नेट बंद करून एकदा सगळं चालवून पाहायचं.

लच्छू: एवढं त बंद करून चालू करा म्हणण्यापेक्षा पयलेच सांगाव न त्यानं.

दिव्यानी: मीही तेच म्हटलं. तो म्हणाला, म्याडम, तुमी विचारलंच नाही, तुमी नुसत्या ओरडल्या.

सुगंधाबाई: काय चाललं दोघाइचं? इकडं सरका, साडीवर पाय पडून राह्यला. मोह आहे तो, गिट्टी नाई.

दिव्यानी: सरकले. आज किती जणी आल्या, सुगंधाबाई?

सुगंधाबाई: आमच्या टोळीत अकरा.

दिव्यानी: दहाच होत्या न काल?

सुगंधाबाई: आज अकरा.

लच्छू: बाड काय मजबूत झाली पाहा, म्याडम. रातच्यानं चितळं आले होते, बाहेरूनच फिरून गेले. अन् बाडेपलीकडं नजर किती दूर जाते. पयले इथून ते ऐनाचं झाड दिसत नव्हतं. अन् काल बोडीवर परत पाह्यलं. माय अन् दोन्ही पिल्लं तिकडंच आहेत, मजेत.

दिव्यानी: सोमवारी दुसऱ्या गावात प्रेझेंटेशन आहे. ती बांगड्यावाली बाई मी काढून टाकली. तिथं आपल्याच इथला फोटो टाकते. साड्या अंथरलेल्या, बाड, अन् वेचणाऱ्या बाया. लच्छूभाऊ, तिकडं पाहा, त्या कोपऱ्यातल्या झाडाखाली. एकट्या बसल्या त्या. किती चांगलं ऊन पडलं त्यांच्यावर. तोच काढते.

सुगंधाबाई: नको, बाई.

दिव्यानी: काऊन? चेहरा नाही येणार. पाठमोऱ्या आहेत.

सुगंधाबाई: नीलाबाई आहे ते.

दिव्यानी: नीलाबाई?

सुगंधाबाई: काल रिपोर्टची गोष्ट सांगत होतो घरी. माझं नाव कागदावर लिहिलं म्हणून. ते वेणी घालून घेत ऐकत होती. आज पायटी कोंबड्याबरोबर उठलो, त दारात टोपली घेऊन उभी. म्हणे, डाव्या हातानं वेचन, हळूहळू. म्या काहीच विचारलं नाई. चाल म्हटलं.

लच्छू: साल झालं असन न, सुगंधा?

सुगंधाबाई: साल होऊन वर पाच दिवस. अन् हळू बोला दोघंई. आपण पाहून राह्यलो हे समजलं, त उठून घरी जाईन.

दिव्यानी: नाही पाहत. हा मोबाइल खिशात ठेवला. आज उभं राहायचा नंबर कोणाचा आहे?

सुगंधाबाई: प्रियाचा, अन् माझा.

दिव्यानी: तुमी जा, नीलाबाईच्या बाजूला बसा अन् वेचा. तुमच्या जागी मी राहते उभी.